नाळेतला पारा

आपल्याकडे एखाद्याला गावाविषयी फार जिव्हाळ्याने बोलायचे असले, की तो म्हणतो, ‘माझी नाळ तिथे पुरली आहे.’ बाळंतपणे घरात होत तेव्हा हे अगदी शब्दशः खरे असे. वार आणि नाळ परसात खड्डा करून पुरायची आणि कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवायचा, अशी पद्धत होती. बाळाच्या बेंबीला चिकटून राहिलेला उरलेला तुकडा आठ-दहा दिवसांत वाळतो आणि आपोआप गळून पडतो. त्याचे पुढे काय करायचे, याच्या घरोघरी निरनिराळ्या रीती.

जपानी माणसे हा वाळका तुकडा जपून ठेवतात. लहानशी लाकडी डबी, तिच्यात कापूस किंवा कागद, कागदावर बाळाचे नाव आणि जन्मतारीख, आणि आत तो करकरीत वाळलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा. आईच्या कपाटात ही डबी वर्षानुवर्षे पडून असते. मुलगी लग्न होऊन सासरी निघाली की काही घरांत ती तिच्या हाती देतात. माणूस गेला तर काही ठिकाणी ती त्याच्याबरोबर ठेवतात. आपल्याला हे जरा विचित्र वाटेल, पण जावळाचे केस जपून ठेवणाऱ्या आया आपणही पाहिलेल्या आहेत.

या डब्यांनी विज्ञानाच्या इतिहासात एक मोठी कामगिरी बजावली. एका कारखान्याने समुद्रात काय सोडले होते आणि ते आईच्या पोटातल्या बाळापर्यंत कसे पोचले, याची तारीखवार नोंद या डब्यांत होती. ती नोंद ठेवणाऱ्या बायकांना आपण पुरावा जमवतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

ही गोष्ट मिनामाता या गावची. जपानच्या दक्षिणेला क्युशू बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमामोतो प्रांतात, शिरानुई नावाच्या शांत, जवळजवळ तळ्यासारख्या आत शिरलेल्या समुद्राकाठी हे गाव आहे. गावात १९०८ पासून चिस्सो कंपनीचा कारखाना. सुरुवातीला कार्बाईड आणि खते, मग इतर रसायने. गावातले निम्मेअधिक व्यवहार या कारखान्यावर चालत, नगराध्यक्षही कधी कारखान्यातला माजी अधिकारी असे. गावाबाहेर खाडीच्या कडेने मच्छीमारांच्या वाड्या होत्या, आपल्या भाषेत कोळीवाडे. त्यांचा कारखान्याशी संबंध एवढाच, की कारखान्याचे सांडपाणी त्यांच्या समुद्रात येई.

१९३२ पासून या कारखान्यात ॲसिटाल्डिहाईड नावाचे रसायन तयार होऊ लागले. पुढे त्यापासून प्लॅस्टिक मऊ करणारी द्रव्ये बनत. ॲसिटिलीन वायूपासून हे रसायन करताना पाऱ्याचे एक संयुग वापरावे लागते. ते स्वतः संपत नाही, फक्त क्रिया घडवून आणते, असे पुस्तकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात थोडा पारा वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे क्रिया चालू असताना त्यातल्या काही पाऱ्याचे मिथिल पारा नावाचे सेंद्रिय संयुग बनते. साधा पारा गिळला तर बराचसा शरीराबाहेर पडतो. मिथिल पारा आतड्यातून जवळजवळ पुरताच रक्तात शिरतो आणि तिथून मेंदूत जातो. कारखान्याच्या सांडपाण्यातून तो खाडीत गेला, गाळात बसला, शिंपल्यांत आणि लहान माशांत गेला, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठला, आणि शेवटी कोळ्यांच्या ताटात आला. या लोकांकडे भाताची शेती जेमतेम. तीनही जेवणांना मासे. घरात कोणी आजारी असेल तर त्याला अंगात ताकद यावी म्हणून आणखी मासे. पोटुशीलाही तेच.

पहिल्यांदा मांजरे बिघडली. माशांची डोकी खाणारी मांजरे गोल गोल फिरू लागली, तोंडातून फेस यायचा, झटके यायचे, आणि कित्येक तर समुद्रात पडून मेली. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. कावळे उडता उडता खाली पडू लागले. मग माणसे. एप्रिल १९५६ मध्ये पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच दवाखान्यात आणली गेली. चालता येईना, बोलणे बोबडे झालेले, गिळता येईना, फिट्स येत. दोन दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीलाही तेच. त्या दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य कार्यालयाला कळवले, की मज्जासंस्थेचा एक अज्ञात विकार गावात पसरतो आहे. मिनामाता विकाराच्या इतिहासात हीच अधिकृत सुरुवात धरतात. सुरुवातीला हा साथीचा रोग समजून घरांवर जंतुनाशक फवारले गेले, रोग्यांना वेगळे ठेवले गेले, आणि शेजारपाजारचे लोक त्या घरांसमोरून नाक दाबून पळू लागले. दुकानदार त्यांच्या हातचे पैसे हातात घेईनात.

कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने कारण शोधायला घेतले. तीन वर्षे लागली. इंग्लंडमध्ये १९४० साली बियाण्यांना लावायचे पाऱ्याचे औषध बनवणाऱ्या कामगारांना अशाच प्रकारचा आजार झाल्याची नोंद होती. तिथून धागा सापडला आणि जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. रोग्यांच्या केसांत पारा मोजला गेला तो दहा लाख भागांत ७०५ भागांपर्यंत निघाला. कुमामोतो प्रांतातल्या, पण मिनामातापासून दूरच्या माणसांत तो सरासरी ४ होता.

इथे होसोकावांची एक हकिगत सांगायला हवी. त्यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजरांच्या खाण्यात मिसळून पाहायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९५९ मध्ये चारशे क्रमांकाचे मांजर तसेच नाचू लागले. कंपनीला आपल्या पाण्यात काय आहे ते त्या दिवशी कळले. होसोकावांना प्रयोग थांबवायला सांगण्यात आले आणि निष्कर्ष दडपला गेला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला रोग्यांशी एक करार झाला. कंपनीने ‘सहानुभूती’ म्हणून प्रौढ रोग्याला वर्षाला एक लाख येन आणि लहान मुलाला तीस हजार येन द्यायचे. त्याबरोबर एक कलमही होते, की पुढे आजार कारखान्यामुळेच झाला असे सिद्ध झाले तरी रोग्यांनी आणखी भरपाई मागायची नाही. आपल्या हाती पुरावा असताना हे कलम लिहून घेणाऱ्यांना काय म्हणावे, ते ज्याने त्याने ठरवावे. होसोकावांनी मात्र मनातला सल शेवटपर्यंत बाळगला. १९७० साली कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी न्यायालयाला त्या मांजराची साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले.

पण या करारात एक वर्ग बसतच नव्हता. तीच मुले आजच्या बोलण्याचा विषय आहेत.

१९५५ नंतर या कोळीवाड्यांत जन्मलेल्या कित्येक मुलांनी वेळेवर मान धरली नाही. पालथी पडण्याच्या वयात पालथी पडली नाहीत. रांगण्याच्या वयात हातपाय ताठ किंवा वाकडे. लाळ गळायची, डोळे तिरळे, गिळताना ठसका, मधूनच झटके. शहाणपण वाढेना, बोलणे येईना. डॉक्टरांनी या मुलांना मेंदूच्या पक्षाघाताची मुले ठरवले. असा पक्षाघात जगात सगळीकडे आढळतो, हजार मुलांमागे साधारण दोन-तीन. इथे तर मोजक्या घरांच्या वाडीत, लागोपाठच्या दोन-तीन वर्षांत, एकाच तऱ्हेची मुले. तरी डॉक्टर ठाम. मिनामाता विकार हा मासे खाऊन होतो. या मुलांनी मासे खाल्लेलेच नाहीत, ती जन्मतःच अशी आहेत. तेव्हा हा तो विकार नव्हे. आणि तो विकार नव्हे म्हणजे त्या तीस हजार येनांवरही हक्क नाही.

डॉक्टरांचे म्हणणे आज आपल्याला आडमुठे वाटते, पण त्यामागे त्या काळचे पाठ्यपुस्तक होते. वार म्हणजे आई आणि गर्भ यांच्यामधली भिंत, असे शिकवले जाई. आईच्या रक्तातले अन्न पलीकडे जाते आणि विष अलीकडेच अडते, असा एक सोयीचा, थोडा काव्यात्म समज. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली या समजाला पहिला मोठा तडा दिला होता. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आया गरोदरपणाच्या आरंभी जर्मन गोवराने आजारी होत्या, हे त्यांनी ७८ मुलांच्या पाहणीतून मांडले. तेही त्यांना सुचले ते दवाखान्यात बसलेल्या आयांची आपापसातली बोलणी कानावर पडल्यामुळे. तरी पुष्कळांनी मनाशी म्हटले, की विषाणू ही वेगळी गोष्ट आहे, रसायन वेगळे. मग आले थॅलिडोमाईड. १९५७ साली पश्चिम जर्मनीत शांत झोपेसाठी आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठी विकले गेलेले हे औषध नोव्हेंबर १९६१ मध्ये बाजारातून काढावे लागले, तोवर जगभर दहा हजारांहून जास्त मुले आखूड किंवा हातपाय नसलेली जन्मली होती. जपानमध्ये ते १९६२ च्या सप्टेंबरपर्यंत विकले जात होते. ही बातमी पोचत होती, पण मिनामाताच्या आयांना काय ठाऊक होते ते कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडचे पाहा. महाभारतात अभिमन्यू आईच्या पोटात असताना चक्रव्यूह ऐकतो, म्हणजे गर्भ बंद पेटीत नाही हे आपल्या कथेला मान्य आहे. पण व्यवहारात त्याचा उपयोग आपण केला तो सगळा बाईच्या माथी खापर फोडण्यासाठी. ओठ फाटलेले मूल झाले, की सासू विचारणार, ‘ग्रहणात काय चिरत बसली होतीस?’ तिने काय चिरले ते विचारायचे. तिच्या ताटात काय आले आणि ते तिथवर कोणी पोचवले, हे विचारायची रीत नाही.

१९६१ च्या उन्हाळ्यात कुमामोतो विद्यापीठातला मासाझुमी हारादा नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण डॉक्टर या वाड्यांत रोगी तपासायला हिंडत होता. मनोविकार आणि मज्जासंस्था हा त्याचा विषय. एका घराच्या ओसरीवर दोन भाऊ खेळत होते. दोघांचेही हातपाय तसेच, हालचाली तशाच. हारादांनी आईला विचारले, दोघांनाही मिनामाता विकार ना? ती म्हणाली, नाही, थोरल्याला मिनामाता विकार आहे, धाकट्याला मेंदूचा पक्षाघात. का बरे? तर धाकट्याने मासे खाल्ले नाहीत, असे डॉक्टरच म्हणतात. तिचे स्वतःचे मत मात्र वेगळे होते आणि ते तिने सांगून टाकले. मासे मी खाल्ले होते, आणि तेव्हा हा पोटात होता. माझ्या अंगातले विष याच्याकडे गेले असणार. शिवाय त्या वर्षी वाडीत जन्मलेली बाकीची मुले जाऊन पाहा, असेही ती म्हणाली.

हारादांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आणि दर वेळी हे कबूल केले, की पहिल्यांदा त्यांनाही बाईचे बोलणे अडाणीपणाचे वाटले. वारेतून विष जात नाही हे ते कॉलेजात शिकले होते. पण त्यांनी जाऊन पाहिले. एका घरातून दुसऱ्या घरात. सगळ्या मुलांची लक्षणे एका साच्यातली होती. सगळी एकाच किनाऱ्यावर, एकाच काळात जन्मलेली. घरात दुसरा कोणी तरी मिनामाता विकाराचा रोगी असायचाच. आणि आयांना नीट तपासले तर त्यांच्याही हाताला मुंग्या, बोटांना बधिरपणा, थोडे अडखळत चालणे, अशी हलकी लक्षणे सापडत. वरकरणी त्या धडधाकट होत्या. म्हणूनच त्यांच्या मुलांचा आजार त्यांच्याशी जोडावा असे कोणाला वाटले नव्हते.

लक्षणांचा हा मेळ विद्यापीठातल्या वरिष्ठांना पुरेसा वाटला नाही. मेंदू पाहिल्याशिवाय काय सांगणार, असा प्रश्न होता. मार्च १९६१ मध्ये अशी एक अडीच वर्षांची मुलगी दगावली होती. विकृतिशास्त्राचे प्राध्यापक तादाओ ताकेउची यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्यात पाऱ्याच्याच खुणा सापडल्या. पण एकाच मुलीवरून सगळ्यांचा निवाडा कसा करायचा? सगळे थांबले. थांबले म्हणजे कशासाठी, हे त्या आयांना बरोबर समजले होते. आणखी एक मूल मरेल तेव्हा ठरेल, असे त्या आपापसात बोलत, असे हारादांनी लिहून ठेवले आहे. सप्टेंबर १९६२ मध्ये सहा वर्षांची दुसरी मुलगी गेली. तिचाही मेंदू तसाच निघाला. नोव्हेंबरमध्ये सोळा जिवंत मुलांना जन्मजात मिनामाता विकाराचे रोगी म्हणून मान्यता मिळाली. पुढे ही संख्या साठीच्या वर गेली. पोटातच मेलेली आणि पहिल्या काही महिन्यांत दगावलेली बाळे कुठल्याच यादीत नाहीत.

मोठ्या माणसाच्या मेंदूत मिथिल पारा ठरावीक ठिकाणी घाव घालतो. दृष्टीचा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू, अशा जागा. म्हणून रोग्याला नळीतून पाहिल्यासारखे दिसते, तो झोकांड्या खात चालतो. गर्भाचा मेंदू अजून बांधला जात असतो. चेतापेशी जन्मतात एका जागी आणि तिथून प्रवास करून आपापल्या थरात जाऊन बसतात. पारा हा प्रवासच बिघडवतो. त्यामुळे इजा एखाद्या कोपऱ्यात न होता सगळ्या मेंदूभर होते. घर बांधून झाल्यावर भिंत पडणे आणि पायाच वाकडा भरणे, यांत जेवढा फरक तेवढाच हा.

आणि वार? ती भिंत नव्हतीच. नंतरच्या संशोधनाने जे दाखवले ते फार चमत्कारिक आहे. मिथिल पारा शरीरातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटला, की ती जोडी मेथिओनिन नावाच्या एका पोषक अमिनो आम्लासारखी दिसते. बाळाला वाढीसाठी मेथिओनिन हवे असते, म्हणून ते आत ओढून घेण्याची खास व्यवस्था वारेत असते. त्या दारातून पारा अन्नाच्या वेषात आत जातो. परिणाम असा, की जन्मलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्तात पारा आईच्या रक्तापेक्षा जास्तच भरतो, साधारण दीड ते पावणेदोन पट.

म्हणजे ओसरीवरच्या त्या बाईचे म्हणणे ढोबळ अर्थाने खरे होते. मिनामातातल्या कित्येक आया म्हणत, की या लेकराने माझे विष स्वतःवर घेतले, म्हणून मी आणि माझी पुढची मुले वाचलो. अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन १९७१ पासून तिथे राहिले होते. एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या, ताठ वाकड्या देहाच्या मुलीला हातांवर घेऊन न्हाऊ घालते आहे, असे त्यांचे छायाचित्र १९७२ साली ‘लाइफ’ मासिकात आले आणि जगाला मिनामाता ठाऊक झाले. त्या घरात त्या मुलीला ‘रत्न’ म्हणत, ते याच कारणासाठी. ती १९७७ साली गेली. तिच्या आईवडिलांना वाटू लागले, की आता तिला विश्रांती मिळावी. १९९८ साली आयलीन स्मिथ यांनी त्या छायाचित्राचा निर्णय त्यांच्या हाती सोपवला, आणि नव्याने ते छापायचे नाही असे ठरले. मला हा निर्णय योग्य वाटतो. जगाला पाहायचे होते ते त्याने पाहिले होते.

आता त्या डब्या. मुले पाऱ्याने आजारी आहेत हे मेंदूवरून कळले होते, पण गर्भात असताना त्यांना किती पारा मिळाला हे मागे जाऊन कसे मोजायचे? १९५५ ते ५९ चे रक्त कोणी ठेवले नव्हते, केस तर कापून फेकले गेले होते. हारादांना आठवण झाली ती घरोघरच्या लाकडी डब्यांची. नाळ ही बाळाचा भाग. जन्माच्या क्षणी तिच्यात जो पारा होता तो वाळल्यावरही तिथेच राहणार. आणि डबीवर जन्मतारीख. त्यांनी घरोघर जाऊन आयांकडे तुकडे मागितले. जरा विचार करा, काय मागितले जात होते! मुलीच्या सासरी जाताना तिच्या हाती द्यायची वस्तू, ज्या मुलीचे लग्न कधी होणार नव्हते तिची. तरी बायकांनी दिले. निरोगी मुलांचेही तुकडे मिळाले, तुलनेसाठी तेही लागत होते.

निशिगाकी आणि हारादा यांचा यावरचा लेख १९७५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. नाळांतला मिथिल पारा जन्मवर्षाप्रमाणे मांडला तेव्हा कारखान्यातल्या ॲसिटाल्डिहाईडच्या उत्पादनाच्या आलेखाशी त्याची चाल जुळली. उत्पादन वाढत गेले, नाळांतला पारा वाढत गेला. एकोणीसशे पन्नाशीच्या उत्तरार्धात तो कळसाला. १९६० साली कारखाना सुमारे ४५ हजार टन माल काढत होता. पुढे उत्पादन घटले तसा नाळांतला पाराही उतरला. मे १९६८ मध्ये ही पद्धत बंद झाली. सरकारने मिनामाता विकाराचे कारण कारखान्याचे सांडपाणी असल्याचे अधिकृतपणे मान्य केले ते त्यानंतर, सप्टेंबर १९६८ मध्ये. रसायन कालबाह्य झाले, दुसरी पद्धत आली, आणि मग सत्य मान्य करायला कोणाची हरकत उरली नाही. १९७३ साली कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले आणि तो सहानुभूतीचा करार नीतिबाह्य म्हणून रद्द केला.

एक आकडेवारी नंतर, २००१ साली पुढे आली. प्रदूषणाच्या शिखराच्या काळात मिनामातात मुलग्यांच्या जन्माचे प्रमाण नेहमीपेक्षा उतरले होते. मुलग्याचा गर्भ अशा आघाताला अधिक दुबळा असतो आणि ते पोटातच जास्त गेले, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. कुठल्याही यादीत नसलेल्या बाळांची ही एकच सावली कागदावर उमटली आहे.

मिनामाताचा धडा कोणी शिकले का? थोडा. १९६५ साली जपानमध्येच, निइगाता प्रांतातल्या आगानो नदीकाठी दुसऱ्या कारखान्यामुळे हाच विकार उद्भवला, तेव्हा ज्यांच्या केसांत पारा जास्त होता अशा बायकांना काही काळ मूल होऊ न देण्याचा सल्ला दिला गेला. तिथे जन्मजात विकाराचे एकच मूल नोंदले गेले. पण त्या सल्ल्याची किंमतही बायकांनीच मोजली. आणि १९७१ च्या हिवाळ्यात इराकमध्ये परदेशातून आलेला पेरणीचा गहू, बुरशी लागू नये म्हणून मिथिल पारा चोळलेला, दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी दळून खाल्ला. सहा हजार पाचशे तीस माणसे इस्पितळात आली, त्यांतली ४५९ दगावली. तिथेही तेच दिसले. आईला जेमतेम मुंग्या, आणि मूल मात्र मान न धरणारे. तोवर डॉक्टरांना कुठे पाहायचे ते ठाऊक झाले होते. आईच्या लांब केसांचे बारीक तुकडे करून, महिन्यागणिक पारा मोजून, गरोदरपणाच्या कुठल्या महिन्यात किती विष पोचले हे तिथे काढता आले.

हे ऐकून कोकणातल्या कोणी बांगडा-तारली सोडू नये. लहान, थोडे आयुष्य असलेल्या माशांत पारा कमी असतो, आणि बाळाच्या मेंदूला लागणारे स्निग्ध द्रव्य माशांतूनच चांगले मिळते. पारा साठतो तो मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत. गरोदरपणात तेवढे टाळायचे.

हारादा पुढे आयुष्यभर मिनामाताला जात राहिले. विद्यापीठातल्या बढतीपेक्षा त्यांनी रोग्यांच्या बाजूने न्यायालयात साक्षी देणे पसंत केले. निवृत्तीनंतर डॉक्टर, वकील, कोळी, समाजशास्त्रज्ञ सगळ्यांनी एकत्र बसून शिकायचा ‘मिनामाताशास्त्र’ हा विषय त्यांनी कुमामोतोच्या दुसऱ्या एका विद्यापीठात सुरू केला. ते २०१२ साली वारले. पुढच्या वर्षी त्याच प्रांतात पाऱ्याच्या वापरावर बंधने घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मिनामाताचे नाव दिले गेले. तो २०१७ साली अमलात आला, आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली.

शिनोबू साकामोतो ही जन्मजात रोग्यांपैकी एक. जन्म १९५६ चा. तिची थोरली बहीण त्याच विकाराने लहानपणीच गेली. १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणावरची जागतिक परिषद भरली, ज्या परिषदेतले इंदिरा गांधींचे भाषण आपल्याकडे अजून सांगितले जाते. शाळकरी शिनोबू आपल्या आईबरोबर तिथे गेली होती, पाऱ्याने बाळाचे काय होते ते लोकांना दिसावे म्हणून. पंचेचाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, मिनामाता कराराच्या पहिल्या बैठकीसाठी ती जिनिव्हाला गेली आणि अडखळत, एकेक शब्द सुटा करत तिथल्या प्रतिनिधींशी बोलली.

तिच्या बरोबरीची जी आहेत ती आज सत्तरीच्या आसपास आहेत. आया बहुतेकींच्या गेल्या. मिनामातात १९९८ साली निघालेल्या एका केंद्रात त्यांच्यातली काहीजणे एकत्र येतात, हाताने जमेल ते काम करतात, आणि शाळेतली मुले भेटायला आली की त्यांना आपली गोष्ट सांगतात.